दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी: वास्तू शहराची ओळख कशी घडवतात

ऑगस्ट महिन्यात त्र्यंबकच्या डोंगरांत सलग दोन दिवस पाऊस झाला, की नाशिकजवळच्या गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे याचा आकडा जाहीर होऊ लागतो. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी. हा आकडा नेमका असतो आणि प्रशासनाला त्याची गरजही असते. पुण्याला राहणाऱ्या माझ्या आत्याला मात्र तो सांगून काहीच उपयोग नसतो. तिचा फोन येतो आणि ती एवढेच विचारते, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय रे?" गुडघ्यापर्यंत असे सांगितले की ती निश्चिंत होते, कमरेपर्यंत म्हटले की नदीकाठच्या भांडीबाजारातल्या नातेवाइकांची चौकशी करते, आणि गळ्यापर्यंत म्हटले की फोन ठेवून त्यांनाच फोन लावते.

रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभा असलेला हा दुतोंड्या मारुती नाशिककरांचा पूरमापक आहे. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत तो डोक्यासकट बुडाला होता, आणि त्या दोन पुरांची आठवण आजही 'मारुती बुडाला तो पूर' अशीच निघते. त्याच्या वरची पायरी म्हणजे नारोशंकराच्या मंदिराची घंटा. त्याही वर गेले की सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या पायऱ्यांचा हिशेब सुरू होतो, आणि १९६९ च्या महापुराची गोष्ट सांगणारे वयस्कर लोक हटकून त्या पायऱ्यांपाशी येऊन थांबतात. मूर्ती, घंटा आणि वाड्याच्या पायऱ्या यांपैकी एकही गोष्ट पाणी मोजण्यासाठी तयार केलेली नव्हती. शहराने त्यांचा तसा वापर केला, आणि त्या वापरातून त्या शहराच्या झाल्या.

एखादी वास्तू शहराची ओळख कशी घडवते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा भव्यतेत शोधले जाते. उंच, सुंदर किंवा जुनी इमारत असेल तर शहराला ओळख मिळते, असा समज त्यामागे असतो. नगररचनेच्या अभ्यासातून आणि नाशिकच्या अनुभवातून दिसणारे चित्र याहून वेगळे आहे. लोक ज्या वास्तूचा आधार घेऊन बोलतात, मोजतात, वाट सांगतात, भांडतात आणि सण साजरे करतात, ती वास्तू ओळख घडवते. देखणेपण असेल तर ते बोनस.

केव्हिन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयाचा पाया मानला जातो. त्याने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतल्या रहिवाशांना आपापल्या शहराचा नकाशा आठवणीतून काढायला सांगितला आणि रोजच्या रस्त्याचे वर्णन करायला लावले. लोकांच्या डोक्यातले शहर पाच गोष्टींनी बनलेले असते, असे त्याला आढळले: आपण ज्यांवरून ये-जा करतो त्या वाटा, जिथे शहराचा एक भाग संपल्यासारखा वाटतो त्या कडा, स्वतःचा स्वभाव असलेले भाग, जिथे वाटा एकत्र येतात त्या गाठी, आणि लांबून किंवा जवळून ओळखू येणाऱ्या खुणा. ज्या शहरात या पाच गोष्टी ठसठशीत असतात ते शहर माणसाला चटकन 'वाचता' येते, तिथे त्याला हरवल्यासारखे वाटत नाही, आणि हळूहळू ते शहर आपले वाटू लागते. जर्सी सिटीच्या रहिवाशांचे नकाशे तिन्ही शहरांत सर्वांत फिके निघाले, कारण त्यांना खूण म्हणून सांगता येईल असे त्या शहरात फारसे काही नव्हते.

हीच चौकट नाशिकला लावून पाहिली तर मेनरोड आणि त्र्यंबक रोड या वाटा होतील, गोदावरी ही कड होईल, पंचवटी, जुने नाशिक, सिडको आणि नाशिकरोड हे भाग होतील, तर सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, आणि द्वारका चौक या गाठी. मात्र गोदावरीच्या बाबतीत लिंचची चौकट थोडी अपुरी पडते. आपण 'नदीवर जातो' असे म्हणत नाही, 'गंगेवर जातो' असे म्हणतो, आणि बुधवारचा बाजार, दशक्रिया विधी, संध्याकाळचे फिरणे आणि सिंहस्थातले स्नान हे सगळे त्याच काठावर होत असल्यामुळे ही कड एकाच वेळी गाठही आहे आणि वाटही. परदेशी चौकटी उपयोगी असतात, पण त्या घालताना कुठेतरी शिवण उसवतेच.

खुणेचे पहिले काम नाव धरून ठेवण्याचे असते, आणि या बाबतीत नाशिक फार नशीबवान आहे. शहराच्या नैर्ऋत्येला सात-आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगरात कोरलेली चोवीस लेणी आपण पांडवलेणी म्हणून ओळखतो. पांडवांशी त्यांचा संबंध नाही, ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. त्यांतल्या एकोणिसाव्या क्रमांकाच्या, सर्वांत जुन्या लेण्यात ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक छोटा लेख आहे. सातवाहन कुळातला कन्ह राजा राज्य करत असताना नाशिकच्या श्रमण महामात्राने हे लेणे करवले, असा त्याचा आशय. श्रमण म्हणजे भिक्षू, महामात्र म्हणजे वरिष्ठ अधिकारी. या लेखाचे शेवटचे दोन शब्द आहेत 'लेण कारित'. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी दगडात 'लेण' असे लिहिले, आणि आज मुंबई-आग्रा महामार्गावरून जाताना रिक्षावाला त्याच डोंगराकडे बोट करून 'लेणी' असे म्हणतो. शेजारच्या अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, दर्शनी भागावर 'नासिकच्या लोकांचे, धंभिक गावाचे दान' अशा अर्थाचा लेख आहे. म्हणजे चैत्यगृहाच्या दारावर एका गावाने आपली सही केली आहे, आणि त्या सहीत शहराचे नाव आहे.

लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नासिक, अशी एक कथा आहे. 'नासिक नव टेकांवर वसविले' अशी जुनी म्हणही आहे. तिच्यातल्या नऊ टेकड्यांपैकी जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने उत्खनन केले, तेव्हा तिथे वस्तीचे प्राचीन थर सापडले. मोगल काळात गावाचे नाव गुलशनाबाद झाले होते. नावाच्या उत्पत्तीबद्दल वाद घालायला भरपूर वाव आहे, पण दगडावरचे 'नासिक' दोन हजार वर्षांपासून तिथे आहे, आणि नाव बदलण्याच्या प्रत्येक लाटेत ते न हलता उभे राहिले आहे.

त्याच लेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला लेख मला अधिक नाशिकचा वाटतो. क्षहरात कुळातल्या नहपान या क्षत्रपाचा, म्हणजे शक राजाचा, जावई उषवदात याने भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले: एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. व्याज वापरायचे, मुद्दल परत घ्यायचे नाही, अशी अट होती. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना, आणि ते गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचे आजचे गोवर्धन, असे मानले जाते. देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची फरशी लावण्याची आपली हौस किती जुनी आहे, हे कळायला हा लेख पुरेसा आहे.

आपण आज ज्याला 'नाशिकचे रूप' म्हणतो, म्हणजे नदीचा घाट, काळ्या दगडाची शिखरे, दीपमाळा आणि त्यांच्या पाठीमागे चढत जाणाऱ्या गल्ल्या, ते मात्र बरेच अलीकडचे आहे. त्याचा मोठा हिस्सा अठराव्या शतकाच्या जेमतेम पन्नास वर्षांत उभा राहिला. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये रामेश्वराचे मंदिर बांधले, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये सुंदरनारायणाचे, नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये त्र्यंबकेश्वराच्या मंदिराचे काम सुरू केले आणि ते १७८६ पर्यंत चालले, आणि सरदार रंगराव ओढेकर यांनी शतकाच्या शेवटच्या चतकोरात काळारामाचे मंदिर पुरे केले. या देवस्थानांना त्याआधीची परंपरा होती, पण आज दिसणाऱ्या वास्तू पेशवाईतल्या आहेत. सरदारांकडे मोहिमांतून पैसा येत होता, तीर्थक्षेत्री मंदिर बांधण्याने पुण्य आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळत होते, आणि दगड तर पायाखालीच होता.

या दगडाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण शहराची ओळख जितकी आकारात असते तितकीच रंगात आणि स्पर्शात असते. दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांनी बनले आहे आणि त्यातून मिळणारा काळा बेसाल्ट, आपल्या भाषेत काळा पाषाण, हाच लेण्यांतही आहे, घाटाच्या पायऱ्यांतही आहे आणि काळारामाच्या भिंतींतही आहे. काळारामासाठी तो रामशेजच्या परिसरातून आणल्याचे सांगतात. पावसाळ्यात हा दगड भिजला की गडद निळसर काळा दिसतो, उन्हाळ्यात राखाडी पडतो, आणि अनवाणी पायांना दुपारी चटका देतो. वेगवेगळ्या शतकांतल्या, वेगवेगळ्या धर्मांच्या आणि वेगवेगळ्या हेतूंनी बांधलेल्या वास्तू एकाच शहराच्या वाटतात, याचे एक साधे कारण म्हणजे त्या सगळ्या एकाच दगडातून आलेल्या आहेत. अलीकडे घाटावर जिथे जिथे गुळगुळीत टाइल्स किंवा ग्रॅनाइट बसवला गेला, तिथे काहीतरी खुपते, पण काय ते सांगता येत नाही. ते हे आहे.

नारोशंकराच्या घंटेची गोष्ट वास्तूचा अर्थ कसा सरकत जातो ते दाखवते. ही घंटा मूळची पोर्तुगीज. तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई घेतली, तेव्हाच्या विजयाची खूण म्हणून ती इथे आल्याचे सांगितले जाते. अशीच पोर्तुगीज घंटा भीमाशंकरलाही आहे. म्हणजे प्रार्थनेला बोलावण्यासाठी ओतलेली घंटा आधी युद्धातली लूट झाली, मग विजयाचे चिन्ह म्हणून नदीकडे तोंड करून टांगली गेली, आणि शेवटी पुराची पातळी सांगणारी खूण झाली. आज तिच्याकडे पाहणाऱ्या दहा नाशिककरांना विचारले तर वसई दोघा-तिघांना आठवेल, पूर दहाही जणांना आठवेल. बांधणाऱ्याचा हेतू आणि शहराने लावलेला अर्थ यांत असे अंतर पडते. शहराची ओळख घडते ती या अंतरात, आणि ते अंतर पडायला वेळ लागतो.

खूण सगळ्यांसाठी एकच गोष्ट सांगते असे समजणे मात्र भाबडेपणाचे आहे. काळाराम मंदिर एका मोठ्या समाजासाठी रामनवमी उत्सवातल्या रथाचे आणि वासंतिक नवरात्राचे ठिकाण आहे. त्याच मंदिराचे चार दरवाजे दुसऱ्या मोठ्या समाजाच्या स्मृतीत बंद दरवाजे म्हणून कोरलेले आहेत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुषांचा मोर्चा या मंदिराकडे निघाला. गांधीजींची दांडीयात्रा सुरू व्हायला तेव्हा अजून दहा दिवस होते. दरवाजे बंद करण्यात आले, सत्याग्रही त्यांच्यासमोर ठाण मांडून बसले, आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी हा लढा पुढे सुमारे पाच वर्षे चालवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे या बंद दरवाजांचा अनुभव होता.

मंदिर तेच, दगड तोच, पण दोन घरांत त्याच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी वेगळ्या. पर्यटन पुस्तिकांत आणि माहितीफलकांवर बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट ठळक असते, दुसरी असलीच तर एखाद्या ओळीत आटोपलेली असते. माझ्या मते काळाराम मंदिर नाशिकच्या ओळखीत इतके खोल रुतले आहे ते या दोन्ही गोष्टींमुळे. हक्काचा प्रश्न विचारायला लोक याच दारावर आले, याचा अर्थ हे दार शहराचे दार आहे हे त्यांनीही मानले होते. ज्या वास्तूवरून कोणी भांडत नाही, ती फार कुणाची नसते.

आतापर्यंतच्या सगळ्या खुणा डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. नाशिकमध्ये एक खूण अशीही आहे जी वर्षातले तीनशे साठ दिवस रस्त्याखाली असते. ती म्हणजे रहाड. रहाड म्हणजे जुन्या वस्तीतल्या चौकात जमिनीत बांधलेला दगडी हौद, माणसाच्या उंचीहून खोल. तिवंधा चौक, जुनी तांबट लेन, शनी चौक, दिल्ली दरवाजा अशा मोजक्या ठिकाणी त्या आहेत आणि त्या पेशवाईतल्या असल्याचे सांगतात. एरवी त्यांच्यावर लाकडी ओंडके आणि माती घालून रस्ता केलेला असतो. त्यावरून स्कूटर जातात, भाजीच्या हातगाड्या उभ्या राहतात, आणि बाहेरगावच्या माणसाला पायाखाली काय आहे याचा पत्ताही नसतो. रंगपंचमीच्या आधी माती उकरली जाते, ओंडके बाजूला होतात, हौद धुऊन काढला जातो, पूजा होते, आणि मग त्यात रंगाचे पाणी भरले जाते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो.

तांबट लेनमध्ये एका वर्षी ओंडके काढताना मी जवळ उभा होतो. पहिला ओंडका निघाला तेव्हा आतून थंड, ओलसर, तळघरासारखा वास आला. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या एका आजींनी डोळे मिटून तो वास घेतला आणि "आली बाई पंचमी" एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पोरे काठावरून अंग झोकून 'धप्पा' मारत होती. जोरात धप्पा मारला की पाणी उसळून भोवतालच्या गर्दीला भिजवते, आणि बाजूच्या घरांच्या भिंतींवर कमरेच्या उंचीवर रंगाचा पट्टा उमटतो, तो पुढे आषाढापर्यंत पुसट होत राहतो. इतर गावांत धुळवडीला रंग खेळतात, नाशिकमध्ये रंगपंचमीला खेळतात, आणि बाहेरच्या पाहुण्याला या फरकाचे कारण विचारले तर नाशिककर त्याला थेट रहाडीवर नेतो. लिंचने रहाड पाहिली असती तर ती कोणत्या रकान्यात टाकली असती, हा मला पडलेला प्रश्न आहे. ती दिसत नाही, तरी तो चौक तिच्यामुळेच चौक आहे.

खुणा एकट्या उभ्या राहू शकत नाहीत, ही या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाजू. शिखर उठून दिसते ते भोवती दोन-तीन मजल्यांची साधी घरे असतात म्हणून. जुन्या नाशिकमध्ये ही पार्श्वभूमी वाड्यांनी दिली: दगडी जोते, त्यावर वीट-चुन्याच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, रस्त्याकडे ओटा, आत चौक, चौकाभोवती ओसरी. यांतला एकही वाडा शहराचे चिन्ह म्हणून पोस्टकार्डावर छापला जाणार नाही, पण असे शेकडो वाडे मिळून गल्लीचा जो स्वभाव तयार होतो त्याशिवाय सुंदरनारायणाचे शिखर हे नुसतेच शिखर उरते. दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात आणि दर पावसाळ्यात एखादा वाडा खचतो. घरमालकांच्या आपापसातल्या वाटण्या, अत्यल्प जुनी भाडी, दुरुस्तीसाठी न परवडणारे लाकूड आणि नव्या इमारतीच्या चटईक्षेत्राचा मोह, असे सगळे मिळून वाडा पडण्याची वाट पाहिली जाते. इथे कोणा एकाला दोष देऊन भागत नाही; ज्याच्या डोक्यावर ते छत आहे त्याला वारसा म्हणजे काय हे ऐकवणे सोपे असते आणि थोडे निर्लज्जपणाचेही.

पडलेले पुन्हा बांधावे का, आणि बांधले तर ते तेच राहते का, हा जुना वाद आहे. व्हेनिसमधल्या सेंट मार्क चौकातला उंच घंटामनोरा जुलै १९०२ मध्ये एका सकाळी कोसळला, तेव्हा शहराने तो 'जिथे होता तिथे, जसा होता तसा' बांधायचे ठरवले आणि १९१२ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. आज तिथे जाणाऱ्या बहुतेकांना तो नवा आहे हे माहीतही नसते. सुंदरनारायणाचे झिजलेले दगड बदलण्याचे काम पुरातत्त्व विभागाने हाती घेतले तेव्हा नाशिकमध्येही अशीच कुरबूर ऐकू आली, की दगड नवा म्हणजे देऊळ नवे. हा आक्षेप भावनेचा आहे, तरी तो पूर्णपणे पोकळ नाही. माझ्यापुरते उत्तर असे, की दगडाची जात, घडाई आणि जागा सांभाळली तर शिखर तेच राहते; जिथे बेसाल्टच्या फटीत सिमेंट भरून वर रंग लावला जातो तिथे ते राहत नाही.

मग नवी वास्तू शहराला नवी ओळख देऊ शकते का? हे विचारले की स्पेनमधल्या बिल्बाओचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथे ऑक्टोबर १९९७ मध्ये फ्रँक गेरी यांनी रचलेले, टायटॅनियमच्या पत्र्याने मढवलेले गुगनहाइम संग्रहालय नदीकाठी उघडले आणि मंदावलेले औद्योगिक बंदर जगाच्या नकाशावर आले, अशी ती कथा. जगभरातल्या महापौरांना ती फार आवडते, कारण तिच्यात एक इमारत बांधली की काम होते. प्रत्यक्षात त्या शहराने संग्रहालयाच्या कितीतरी आधीपासून नदीत जाणारे सांडपाणी रोखून ते शुद्ध करण्याचे काम सुरू केले होते, १९९५ मध्ये मेट्रो धावू लागली होती, आणि काठावरच्या गोद्यांची जमीन मोकळी केली जात होती. चमकणारी इमारत शेवटी आली, स्वच्छ होत चाललेल्या नदीच्या काठावर.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्ते, पूल आणि घाटांची मोठी कामे होत असताना बिल्बाओच्या गोष्टीतला हा वगळला जाणारा भाग आपल्याला अधिक लागू पडतो. गोदावरीच्या पात्रातल्या प्राचीन कुंडांवर आणि तळावर काँक्रीट घातले गेले, तेव्हापासून कुंडांचे जिवंत झरे कोंडले गेल्याची तक्रार आहे आणि काँक्रीट काढण्याची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. नदीकाठी एखादे भव्य शिल्प किंवा रोषणाईचा पूल उभारणे हे तुलनेने सोपे काम आहे. उन्हाळ्यात रामकुंडातले पाणी हातात घेण्यासारखे ठेवणे हे कठीण काम आहे, आणि घाटांची ओळख त्या पाण्यावर टिकून आहे. चौकाचौकात उभ्या राहणाऱ्या सेल्फी पॉइंटबद्दल मी काही बोलत नाही. शहराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून त्यासमोर फोटो काढावा लागणे ही गरज बहुधा ज्या ठिकाणाहून आपण कुठे आहोत हे कळत नाही तिथेच पडते.

नव्या वास्तूला सुरुवातीला नावे ठेवली जातात हेही लक्षात घ्यायला हवे. आयफेल टॉवर उभा राहत असताना १८८७ मध्ये पॅरिसमधल्या नामवंत लेखक-कलावंतांनी त्याविरुद्ध जाहीर निषेध केला होता. १८८९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या त्या मनोऱ्याला परवानगीही वीसच वर्षांची होती. तो वाचला तो सौंदर्यामुळे नव्हे, तर बिनतारी संदेशवहनासाठी इतकी उंच जागा पॅरिसमध्ये दुसरी नव्हती म्हणून. आधी उपयोग झाला, मग सवय झाली, आणि प्रेम त्यानंतर बसले. दुतोंड्या मारुतीचा प्रवास याहून फार वेगळा नसावा.

नाशिकची निम्म्याहून अधिक रोजची वर्दळ आता या जुन्या खुणांच्या नजरेबाहेर होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या, सिडकोत किंवा इंदिरानगरात राहणाऱ्या कुटुंबाला महिनोन्‌महिने पंचवटीत जायचे कारण पडत नाही. त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत: त्रिमूर्ती चौक, उड्डाणपूल, एखादा मोठा वड, पाण्याची टाकी. वास्तुकलेच्या पुस्तकात पाण्याच्या टाकीला जागा नसते, पण लिंचच्या हिशेबात ती पक्की खूण आहे, कारण ती लांबून दिसते, दुसऱ्या कशासारखी दिसत नाही आणि वाट सांगायला उपयोगी पडते. सिडकोतल्या मुलाला लहानपणीचे घर आठवते ते अशा टाकीच्या दिशेने. टाकीचा वारसा यादीत समावेश करा, असे माझे म्हणणे नाही. ती पाडायची वेळ येईल तेव्हा तिथल्या लोकांना एकदा विचारावे, एवढे मात्र वाटते.

कारण खूण गेली तरी तिचे नाव जात नाही. त्र्यंबक दरवाजा, दिल्ली दरवाजा, रविवार कारंजा, दहीपूल ही नावे आपण रोज घेतो. नव्याने आलेला माणूस दहीपुलावर उभा राहून पूल कुठे आहे असे विचारतो, तेव्हा पायाखालून सरस्वती नाला वाहतो हे त्याला सांगावे लागते, आणि त्याचा विश्वास बसतो तो जोरदार पावसाच्या दिवशी, जेव्हा तो नाला वर येऊन सराफ बाजारात शिरतो. सीबीएसचेही तेच झाले आहे. ठक्कर बाजारजवळचे स्थानक सुरू होऊन इतकी वर्षे झाली तरी ते 'नवीन सीबीएस'च आहे आणि आधीचे 'जुने सीबीएस'. गेल्या पावसाळ्यात आत्या चार दिवसांसाठी आली होती. एसटीतून उतरल्यावर तिने रिक्षावाल्याला इंदिरानगरचा पत्ता नीट वाचून दाखवला, आणि रिक्षा सुरू झाल्यावर त्याला म्हणाली, "आधी जरा गंगेवरून घ्या, मारुती बघू दे."